नेहमीपेक्षा वेगळं काय?

समोर बसलेल्या ऑटिस्टिक माणसाला मी "कसं वाटतंय?" असं सहसा विचारत नाही. मी समुपदेशक आहे आणि स्वतः ऑटिस्टिक. भावना ओळखून तिला नाव देणं आमच्यातल्या अनेकांना जड जातं. त्यापेक्षा मी विचारते, आज आंघोळ जमली का, हल्ली कोणता आवाज सोसत नाही, कामावरून आल्यावर किती वेळ बोलणं नको वाटतं. याची उत्तरं मिळतात, आणि मनाचा अंदाज त्यांतूनच येतो.

नैराश्य पडताळायची पीएचक्यू-9 प्रश्नावली घ्या. गेल्या 2 आठवड्यांत लक्ष लागत नव्हतं का, चुळबुळ होत होती का, असं ती विचारते. एडीएचडी असलेल्याचं हे लहानपणापासूनचंच. गुण वाढतात आणि नैराश्य आहे त्याहून गडद दिसतं. म्हणून अशा प्रत्येक उत्तरापाशी थांबून मी विचारते, "तुमच्या नेहमीपेक्षा वेगळं काय?"

सल्ल्याचंही तसंच. नैराश्यात हळूहळू बाहेर पडा, माणसांत मिसळा, हे बहुधा उपयोगी पडतं. पण ऑटिस्टिक बर्नआउटमध्ये माणसांत मिसळून, चेहरा सांभाळूनच तर जीव थकलेला असतो. डोरा रेमेकर या ऑटिस्टिक संशोधक व्यक्तीने सहकाऱ्यांसह 2020 मध्ये या अवस्थेची व्याख्या केली, ती ऑटिस्टिक प्रौढांचं म्हणणं ऐकून: लांबलेला थकवा, आधी येत असलेल्या गोष्टी न जमणं, आवाज-उजेड न सोसणं. अशा वेळी मी आधी ओझं कमी करते. भेटीगाठी थांबवा, दिवे मंद करा.

दिवसभर ऑफिसात हसतमुख असलेली मुलगी घरी येताच खोलीचं दार लावते, तेव्हा आई विचारते, "ताई, आमच्यावर रागावलीय का हो ती?" ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधलं न समजणं दोन्हीकडून असतं. म्हणून अशा घरात मी दोघींशीही बोलते.

स्वतःच्या अनुभवाला मात्र आवर घालावा लागतो. मला कुकरची शिट्टी असह्य होते. समोरच्याला ढोल-ताशांत शांत वाटत असेल. अनुभवातून मला प्रश्न सुचतो, उत्तर त्याचंच असतं.

आम्हा ऑटिस्टिक माणसांना परिषदांत बोलावतात ते आपली कहाणी सांगायला. प्रश्नावल्या ठरतात, दवाखान्याची वेटिंग रूम आखली जाते, तेव्हा आम्ही तिथे नसतो. तिथे बोलवा, आणि डॉक्टरांना देता तसं मानधनही द्या.