लाम्ब्रुस्कोची बाजू

मुंबईतल्या एका वाईन टेस्टिंगला मी हात वर करून विचारलं, "यात लाम्ब्रुस्को का नाही?" कार्यक्रम घेणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ती वाईन नाही, गोड कोल्ड्रिंक आहे." सगळे हसले. त्या हसण्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

नोकरीनिमित्त मी इटलीतल्या मोदेनाला राहिले आहे. तिथे घरोघरी जेवणाबरोबर जी लाल, फेसाळ वाईन घेतात ती लाम्ब्रुस्को, आणि बहुतेक घरांत ती अजिबात गोड नसते. माझी घरमालकीण थंडीत न्योको फ्रित्तो करायची. पीठ लाटून चौकोनी तुकडे कापायचे आणि डुकराच्या चरबीत सोडायचे. पुरीसारखे टम्म फुगतात. गरम असतानाच त्यावर मोर्तादेला या डुकराच्या सॉसेजचा पातळ काप टाकायचा. तो उबेनं मऊ पडला, कडेनं तकाकायला लागला की तोंडात. दोन-तीन घासांत जीभ मेणचट होते. मग सोर्बारा या लाम्ब्रुस्कोचा थंडगार घोट. फिकट लाल रंग, चांगला आंबटपणा, बारीक बुडबुडे. जीभ स्वच्छ होते आणि हात आपोआप पुन्हा ताटाकडे जातो. मोदेना ज्या एमिलिया भागात आहे तिथला सगळा स्वयंपाक डुक्कर, लोणी आणि पार्मिज्यानो चीजवर उभा आहे. त्या खाण्याला नेमकं हेच पेय लागतं.

लाम्ब्रुस्को ही एकच वाईनही नव्हे. सोर्बारा होते सेक्किया आणि पानारो या नद्यांमधल्या सपाट रानात. तिच्या द्राक्षवेलीच्या फुलातले पराग निरुपयोगी, म्हणून शेजारी सालामिनो जातीचे वेल लावावे लागतात. तरीही घडातले बरेच मणी खुरटे राहतात. शेतकरी एवढं सोसून ती लावतात ते काय कोल्ड्रिंकसाठी? कास्तेल्वेत्रोच्या टेकड्यांवरची ग्रास्पारोस्सा गडद जांभळी आणि तुरट. कोतेकिनोसारख्या जड, उकडलेल्या सॉसेजला ती हवी.

गोडपणाचा शिक्का बसला तो १९७०-८०च्या दशकांत. स्वस्त, गोड लाम्ब्रुस्को अमेरिकेत प्रचंड खपली आणि जगानं तेवढीच ओळखली.

आता त्या संध्याकाळचं ऐका. लाम्ब्रुस्कोला हसून झाल्यावर त्यांनी इटलीचीच बारोलो ओतली, आणि सोबत काय, तर कोल्हापुरी मटण सुक्कं! बारोलो थोर आहे, वाद नाही. नेब्बिओलो द्राक्षाची, किमान ३८ महिने मुरवलेली, १३ टक्क्यांच्या वर अल्कोहोल. पण तुरट टॅनिन आणि एवढं अल्कोहोल तिखटावर पडलं की जाळ वाढतो. माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्या वेटरकडे पाणी मागत होत्या, आणि "वा, काय बॉडी आहे" म्हणून मानही डोलावत होत्या. मी पुन्हा उठले, तोवर माईक पुढच्या रांगेत गेला होता. नंतर गाठून सांगायचा प्रयत्न केला, तर गृहस्थांनी व्हिजिटिंग कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि वळले. आपल्या लोकांनी स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवायला काय हरकत आहे? महाग बाटली म्हणून जळजळही गोड मानून घ्यायची?

कुठे मिळालीच तर लेबलवर सोर्बारा किंवा ग्रास्पारोस्सा आणि 'सेक्को', म्हणजे गोड नसलेली, हे शब्द बघून घ्या. फ्रिजमधून काढून जरा वेळानं उघडा. कांदाभजी, रव्यातले तळलेले बोंबील, गोव्याकडची चोरीस, यांच्याशी तिचं छान जमतं. साडेदहा-अकरा टक्क्यांची असते, त्यामुळे दुपारच्या जेवणालाही चालते.

मात्र सुक्क्याला, तांबड्या रश्श्याला मी घरी सेक्को काढत नाही, अमाबिले काढते. ती मध्यम गोड असते, आणि तिखटाला तेवढी गोडी लागतेच. गोड म्हटल्यावर चिडणारी मी इथे गोडच निवडते, आणि पाहुण्यांनाही तीच वाढते.