उंदराचा पाय

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण नागीण. मागच्या पावसाळ्यात उजव्या बरगडीखाली फोड आले, महिन्याभरात वाळलेही. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं लहानपणी ऐकलं होतं. मी काही गेले नाही, पण कळा राहिल्या. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी उठला की त्या मज्जातंतूलाच दुखावून ठेवतो. पदर नुसता लागला तरी आग व्हायची. फुंकर घालावी, तर फुंकरच दुखायची.

डॉक्टरांनी गॅबापेंटिनच्या गोळ्या दिल्या. कळ निम्म्यावर आली, पण दिवसभर पेंग. शब्दकोडंसुद्धा सुटेना. त्यात धाकट्या जाऊबाईंचा फोन (त्या हे वाचणार आहेत, रागावू नये): "अहो ताई, हळदीनं मज्जातंतूचं दुखणं जातं. उंदरांवर सिद्ध झालंय!" मी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या आणि हळदीचं दूध सुरू केलं. चौथ्या रात्री उशी दातांत धरून पहाट केली.

दिवाळीत नात आली. ती एम. फार्म. करते. म्हटलं, "उंदरांवर नेमकं काय सिद्ध झालंय, ते सांग बाई."

तिनं सांगितलेली रीत अमेरिकेत बेनेट आणि शी या दोघांनी १९८८ मध्ये बसवली. पांढऱ्या उंदराला भूल द्यायची, मांडीतला जाड मज्जातंतू उघडा करून त्याभोवती दोऱ्याच्या चार सैल गाठी मारायच्या. मज्जातंतू सुजतो आणि गाठी काचतात. काही दिवसांनी उंदराला जाळीवर ठेवून खालून तळव्याला नायलॉनचा केस टेकवायचा, आधी बारीक, मग जाड. धडधाकट उंदीर बारीक केसाकडे लक्षही देत नाही. हा मात्र झटकन पाय उचलतो आणि चाटत बसतो.

माझा हात नकळत बरगडीवर गेला.

दुखावलेल्या मज्जातंतूत फ्री रॅडिकल्स वाढतात आणि त्याला आणखी पोळवतात. हळदीतलं पिवळं द्रव्य, कुर्क्युमिन, हे अँटिऑक्सिडंट. ते त्यांना आवरतं, सूजही उतरवतं, असा तर्क. ते दिलेल्या उंदरांचं दुखणं कमी झालेलं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे.

"म्हणजे जाऊबाई बरोबर!"

"आजी, शंभर ग्रॅम हळदीत कुर्क्युमिन असतं तीन ग्रॅमच्या आसपास. तेही पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. तुझ्या चमचाभर हळदीतलं पोचलं किती असेल?"

"आणि ज्यांना औषध देत नाहीत, ते उंदीर?"

"एक गट तसा ठेवावाच लागतो, नाहीतर तुलना कशाशी करणार? समितीची परवानगी लागते, लागतील तेवढेच उंदीर घ्यायचे. शेवटी बहुतेक सगळ्यांनाच मारून मज्जातंतू तपासतात." हे ती खाली बघून म्हणाली. मग म्हणाली, "तुझं गॅबापेंटिनही अशाच उंदरांवर तपासलं होतं. मूळचं ते फिट्सचं औषध. पुढे नागिणीच्या रोग्यांवर पाहिलं आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्यासाठी मान्यता मिळाली."

रात्री विचार करत पडले होते. पाय उचलणं एवढाच उंदराचा शब्द. त्यातून स्पर्श दुखतो हे कळतं, रात्र कशी जाते ते नाही. मला डॉक्टर विचारतात, "दहापैकी किती?" मी म्हणते, "सहा." त्या उचललेल्या पायापासून माझ्या 'सहा'पर्यंतचं अंतर गॅबापेंटिन चालून आलं आहे. हळदीला अजून चालायचं आहे.

डॉक्टरांची बोलणी खाऊन गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता मोठा डोस रात्री, त्यामुळे दिवसा पेंग कमी. परवा आकडा चारवर आला.

ज्या उंदरांना काहीच मिळालं नाही, त्यांच्यामुळे माझ्या गोळीचा गुण कळला. याचं काय करायचं, ते मला सुचत नाही. गोळी घेताना ते आठवतात, एवढंच.

असो. हळद आमटीत आहेच.