खर्दुंग ला : अर्ध्यावरून परतलेली वाट

तेजीत भागीदाराची पारख होत नाही, असे पेढीवरची वडीलधारी मंडळी सांगत. भाव चढत असतो तोवर सर्वांचीच बुद्धी तल्लख दिसते; तो उतरू लागला म्हणजे कोण हट्टाने माल धरून बसतो आणि कोण वेळीच थोडी तूट सोसून मोकळा होतो, हे कळते. सांगलीच्या दोन मित्रांना ही पारख दुकानाच्या गादीवर नव्हे, तर लडाखमधील एका घाटमाथ्यावर घडली.

एक कापडाचा व्यापारी, दुसरा धान्याचा. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली आणि मैत्री शाळेपासूनची. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये दोन दिवस विश्रांती घेऊन तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकाच मोटारसायकलवरून नुब्रा खोऱ्याकडे निघाले. मुक्काम दिस्कितला ठरला होता, खोलीचे पैसेही आगाऊ भरले होते.

या वाटेचे दोघांना आकर्षण होते, ते तिच्या व्यापारी इतिहासामुळे. लेहहून खर्दुंग ला ओलांडून, नुब्रामार्गे काराकोरम खिंडीतून यारकंदपर्यंत एकेकाळी तांडे जात. लोकर, रेशीम, चहा, कापड असा माल घोडे, याक आणि उंटांच्या पाठीवरून हिंडे. १९४९ नंतर सीमा बंद झाली आणि तो व्यापार संपला. हुंदरच्या वाळूत आज दिसणारे दोन मदारींचे उंट ही त्या व्यवहाराची जिवंत शिल्लक होय.

घाटाचा रस्ता १९७६ मध्ये बांधला गेला आणि १९८८ मध्ये तो सर्वसामान्यांच्या वाहनांसाठी खुला झाला. लेहपासून माथा सुमारे ४० किलोमीटर. साउथ पुल्लूची चौकी मागे पडल्यावर डांबर विरळ झाले, वितळत्या बर्फाचे ओहोळ रस्त्यावरून वाहू लागले. विरळ हवेत इंजिनही धापा टाकू लागले. दुपारी बाराच्या सुमारास ते माथ्यावर पोहोचले. तेथील फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट अशी उंची मिरवली गेली. आधुनिक मोजणीनुसार ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरते. मात्र शरीराला फलकाशी कर्तव्य नसते. तेथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्माच प्राणवायू मिळतो.

कापडवाल्याचे डोके वाटेतच ठणकू लागले होते. माथ्यावर त्याला दोनदा उलटी झाली आणि प्रश्नांची उत्तरे तो अडखळत देऊ लागला. थोडा वेळ प्राणवायू दिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

“आता बरं वाटतंय. पुढे सगळा उतारच आहे, दिस्कित लेहपेक्षाही खाली आहे. चल,” तो म्हणाला.

हिशेब चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. दिस्कित अजून पंच्याहत्तर किलोमीटरांहून अधिक दूर होते, मोठे रुग्णालय लेहमध्ये होते आणि परतताना हाच माथा पुन्हा चढावा लागणार होता. प्राणवायूने आलेला आराम ही उसनवारी होती. खरा इलाज खाली उतरणे हाच. धान्यवाल्याने वाद घातला नाही.

“तू म्हणतोस ते खरं. पण मला आज पुढे जायचं नाही,” एवढेच तो बोलला.

नुब्राहून लेहकडे निघालेल्या एका टॅक्सीत त्याने मित्राला बसवले आणि स्वतः मोटारसायकलवरून मागोमाग निघाला. चाळीस किलोमीटर त्याने डोंगर पाहिला नाही. टॅक्सीच्या मागच्या काचेतून दिसणारे मित्राचे डोके तेवढे पाहिले. ते एका बाजूला कलले की त्याच्या छातीत धस्स होई, पुन्हा सरळ झाले की हायसे वाटे.

लेहच्या रुग्णालयात तपासणी झाली. रात्रभर विश्रांती घेतल्यावर सकाळी डोकेदुखी ओसरली.

“दिस्कितच्या खोलीचे पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे?” कापडवाल्याने चहा घेता घेता विचारले.

“निम्मे-निम्मे.”

तो काही बोलला नाही. आदल्या दिवशी “मला जायचं नाही” असे म्हणून मित्राने माघारीचा कमीपणा आपल्या नावे लिहून घेतला होता, हे त्याच्या ध्यानात आले होते. आजारी माणसाला ‘तुझ्यामुळे परतावे लागले’ हे ओझे वाहावे लागले नाही. अशा नोंदी कोणत्याही वहीत होत नाहीत, पण चाळीस वर्षांची मैत्री त्यांच्याच बळावर उभी असते.

दिस्कित दोघांनी अद्याप पाहिलेले नाही. त्याची हळहळ बोलण्यात कधीमधी येते. दोष मात्र कोणी कोणाला दिलेला नाही.