शेजवान, टिमुर आणि तिरफळ

बाहेरगावच्या माणसाला जालना म्हटलं की लोखंडी सळया, बियाणं नि मोसंबी आठवते. ‘जालना सोन्याचा पालना’ हेही कुणी म्हणून दाखवतं. पण संध्याकाळी सातनंतर आमच्या गावात फिरून पाहा. चौकाचौकात लाल अक्षरांच्या गाड्या, भर्रकन पेटणारी शेगडी आणि शिंक काढणारा लसूण-मिरचीचा धूर. चायनीज! आता तर वर ‘फॅमिली’साठी वेगळी बैठक असलेली हॉटेलंही झाली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत अशाच एका हॉटेलात आम्ही पाचजणं गेलो: हे, मी, दोघं मुलं आणि सासूबाई.

सासूबाई आल्या, हेच विशेष. मामंजींना जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. चतकोर भाकरी मोडायची आणि “चव लागत नाही गं” म्हणून ताट सारायचं. तपासण्या झाल्या, टॉनिकं झाली, वजन मात्र उतरतच होतं. धाकट्यानं “आजी, एकदा शेजवान खाऊन तर बघ” असा धोशा लावला, म्हणून त्या निघाल्या. नऊवारी सावरत जिना चढल्या आणि भिंतीवरच्या ड्रॅगनकडे पाहून म्हणाल्या, “ही मगर कशाला लावलीय?”

शेजवान राइस आला. तिखटाचं आम्हाला अप्रूप नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार नावाजलेला आहे. पण हा रंग! कर्नाटक सरकारनं 2024 च्या मार्चमध्ये गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती उगीच नव्हे. आम्ही “रंग नको” असं सांगून दुसरी प्लेट मागवली. काश्मिरी मिरची भिजवून वाटली तर पुरेसा रंग येतो, मग डबीतला कशाला हवा?

वाढणं होईपर्यंत मुलांनी विचारलं, “शेजवान म्हणजे काय?” शिकवण्याची सवय, त्यामुळे मी सुरू झालेच. शेजवान म्हणजे सिचुआन, चीनचा नैऋत्येकडचा दमट, ढगाळ प्रांत. आपण खातो ते मात्र तिथलं नव्हे. कलकत्त्यात नि मुंबईत स्थायिक झालेल्या चिनी आचाऱ्यांनी आपल्या जिभेला रुचेल असं ते बेतलं. मंच्युरियन तर मुंबईचंच. 1975 साली नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस नि कॉर्नफ्लोअर घातलं, असं सांगतात. मंचुरियाचा त्याच्याशी संबंध नाही. मिरचीसुद्धा चीनची नाही. आपल्यासारखीच तिकडेही ती अमेरिकेतून आलेली. त्याआधीपासून सिचुआनी माणूस एका झाडाच्या फळाची वाळलेली सालं वापरतो. ती तिखट नसतात, पण जिभेला मुंग्या आणतात. आपल्या कोकणातलं तिरफळ त्याच कुळातलं.

सासूबाईंचा चमचा थांबला. माहेर मालवणचं ना! “मग यात कुठंय तिरफळ?” पुन्हा एक घास घेतला, सावकाश चावला. “नाहीच. नुसता लसूण भरलाय.” आणि वेटरला म्हणाल्या, “बोलाव रे तुझ्या आचाऱ्याला.”

मला संकोच वाटला. हे तर मेनूकार्डात तोंड घालून बसले. आतून पंचविशीचा, घामानं निथळलेला नेपाळी मुलगा आला. भांडण आहे असंच त्याला वाटलं असावं. सासूबाईंनी आपल्या हिंदीत तिरफळाचं वर्णन केलं: काटेवाला झाड, छोटा फल, सुखाने पे फुटता है, अंदर काला बी. त्याचा चेहरा उजळला. “टिमुर! माँजी, हमारे गाँव में होता है। अचार में डालते हैं।” इथं का घालत नाहीस, विचारल्यावर हसला. “यहाँ कौन खाएगा? सबको लाल चाहिए।”

मग तो उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलत होता. टिमुर कधी तोडतात, त्याची आई टोमॅटोच्या चटणीत कसं वाटून घालते, किती दिवाळ्या त्यानं घरी पाहिल्या नाहीत. बोलता बोलता सासूबाईंची प्लेट रिकामी झाली होती. कुणी काही बोललं नाही. यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी फडताळातून तिरफळाची जुनी बाटली काढली, हुंगली आणि “वास गेला” म्हणून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी मालवणला भावाला फोन झाला. पुडकं आलं त्या रविवारी त्या वर्षानंतर पहिल्यांदा शेगडीपाशी उभ्या राहिल्या. इथं ताजा बांगडा कुठला? ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून बटाट्याची आमटी केली. मैत्रिणींनो, करून पाहणार असाल तर तिरफळातलं काळं बी काढून टाका, ते कचकच लागतं. सालं जराशी ठेचून उकळीत टाका, वाटणात बारीक वाटू नका. चौघांच्या आमटीला पाच-सहा पुरे, जास्त झाली तर कडवट होते.

उरलेल्यातली मूठभर तिरफळं त्यांनी कागदात बांधून ठेवली आहेत. त्या आचाऱ्याला नेऊन द्यायची म्हणतात. “आणि सांग, आमच्या प्लेटीत घाल म्हणावं.”