दिवा लागला म्हणजे काम झालं?

आमच्या मोहल्ल्यात विजेबद्दल सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. घरात अंधार झाला की कुणीतरी म्हणतंच, "वायरमन कशाला बोलावता? मी सांगतो." आता त्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. तंगीच्या घरात दोनतीनशे रुपये वाचवणं काय असतं ते मी जाणतो. त्यामुळे विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. राग येतो तो सांगणाऱ्याचा.

अडचण अशी, की विजेचा चुकीचा सल्ला लगेच चुकीचा ठरत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, सांगणाऱ्याची वाहवा होते.

माझ्या खालाच्या घरी गिझर आणि इंडक्शन शेगडी एकाच लाइनवर होती. दोन्ही चालू केली की एमसीबी पडायची. शेजाऱ्याने सांगितलं, "१० ची काढा, ३२ ची टाका." टाकली आणि पडणं थांबलं. मी खालाला हिशेब दाखवला. दोन्ही उपकरणं २००० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टवर मिळून १७ ॲम्पिअरहून जास्त करंट. भिंतीतली वायर मात्र दीड चौरस मिलिमीटरची, दिव्यापंख्यांसाठी टाकलेली. एमसीबी वायरला जपण्यासाठी असते. ती मोठी केली की वायर आतल्या आत तापत राहते, तिच्यावरचं आवरण खराब होत जातं आणि एमसीबी गप्प बसते. खाला म्हणाली, "म्हणजे ती पडत होती तेच बरं होतं!" अगदी तेच. मग तिने परवानाधारक माणसाकडून दोन्हींसाठी वेगळ्या, जाड वायरच्या लाइनी टाकून घेतल्या.

दुसरा सल्ला याहून घातक. "अर्थिंग नाही? मग सॉकेटमध्ये अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडा." उपकरण व्यवस्थित चालतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, की फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात. आमच्या घरांत त्या फ्रिजला ओला हात लागतो तो बहुधा बाईचा, नाहीतर लहान मुलाचा. जोडणी करताना त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

तिसरा सल्ला आरसीसीबीचा. "सारखी पडते ना, बायपास करा." ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी करंट गळू लागताच पुरवठा तोडते, म्हणून माणूस वाचतो. ती वारंवार पडत असेल, तर आधी गळती शोधायला हवी.

दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम सांगतात. काम करणाऱ्याकडे परवाना मागण्यात संकोच कसला?

सल्ला ही अमानत असते. माहीत नसेल तर "मला नाही कळत, जाणकाराला बोलवा" एवढं सांगितलं तरी शेजारधर्म पाळला जातो.