गर्दीतला भडका

एम १४ या गोलाकार तारकागुच्छात १९३८ साली एक नवतारा भडकला आणि कुणाच्याही लक्षात आला नाही. खगोलशास्त्रज्ञ हेलन सॉयर हॉग यांच्या जून महिन्यातल्या फोटोप्लेट्सवर त्याचा ठिपका उमटला होता. २६ वर्षं तो तसाच पडून राहिला. १९६४ मध्ये अमेलिया वेहलाऊ रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांसाठी जुन्या प्लेट्स तपासत होत्या, तेव्हा तो सापडला. हॉगबाईंनी गुच्छांतल्या रूपविकारी ताऱ्यांची यादी १९३९, १९५५ आणि १९७३ अशी तीनदा काढली. एवढ्या सरावलेल्या माणसाच्या प्लेट्समध्येही तारा दडून राहतो, हे या कामाचं खरं दुखणं.

ऐन भरात तो तेजस्वितेच्या ९.२ प्रतीपर्यंत चढला असावा, असा नंतरचा अंदाज. प्लेट्स घेतल्या तोवर तो बराच उतरला होता.

१८६० च्या मे महिन्यात एम ८० मध्ये भडकलेला नवतारा मात्र लपला नाही. सातव्या प्रतीच्या आसपास पोचलेला तो एकटा तारा अख्ख्या गुच्छाला भारी पडला. आर्थर फॉन आउवर्स यांनी तो आधी पाहिला आणि आठवडाभरात नॉर्मन पॉगसन यांनी स्वतंत्रपणे. हेच पॉगसन पुढच्या वर्षी मद्रास वेधशाळेत आले.

गुच्छाला भारी पडण्याची ही चैन ड्वार्फ नोव्हाला नाही. साथीदाराकडून ओढलेला वायू श्वेत बटूभोवती चकतीत साठतो, चकती तापून काही दिवस उजळते आणि पुन्हा मावळते. ४७ टुकानीसारख्या गुच्छात असा तारा पेटला, तरी तिथल्या सर्वांत तेजस्वी तांबड्या राक्षसी ताऱ्यांपेक्षा तो शंभर पटींहून अधिक मंदच असतो. शिवाय गाभ्यात तारे एकमेकांत मिसळलेले. १९९८ मध्ये अलार्ड आणि लप्टन यांनी चित्रांच्या वजाबाकीची रीत दिली: एका रात्रीचं चित्र दुसरीइतकं धूसर करायचं आणि वजा करायचं. कागदावर सोपं आहे. पडद्यावर मात्र प्रत्येक राक्षसी ताऱ्याच्या जागी काळंपांढरं कडं उरतं, आरआर लायरी हे रूपविकारी तारे स्वच्छ ठिपके होऊन पुढे येतात आणि वातावरण जरा बिघडलं की गाभाभर खोटे भडके दिसू लागतात. खरा भडका म्हणजे त्याच जागी तीन-चार रात्री टिकून राहिलेला गोल ठिपका. त्यासाठी सलग रात्री हव्यात.

शोधणाऱ्याचा अहंकारही गाभ्यातच अडकतो. सगळ्यात दाट जागी हात घालून तारा काढला, हे मिरवायला प्रत्येकाला आवडतं. हाती लागतं ते बहुधा कडेला. ऊस्टरहॉफ यांना १९४१ मध्ये सापडलेला एम ५ मधला व्ही १०१ हा ड्वार्फ नोव्हा गाभ्यापासून चांगलाच दूर आहे.

पिएत्रुकोविच, कालुझ्नी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली १६ गुच्छांचा धांडोळा प्रसिद्ध केला. तोवरचे सगळ्या गुच्छांतले ड्वार्फ नोव्हा मोजले, तर जेमतेम डझनभर भरले. ते तिथे खरोखरच दुर्मीळ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. तो पूर्ण पटत नाही. चंद्रा दुर्बिणीच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत एकट्या ४७ टुकानीत शंभराहून अधिक क्ष-किरणस्रोत मिळाले आणि त्यांतले बरेच अशाच जोड्या निघाले. जोड्या आहेत, त्यांचं पेटणं पाहायला तेव्हा कुणी हजर नसतं. मोठ्या दुर्बिणींचा वेळ तासांत वाटला जातो आणि एकाच गुच्छाला वर्षानुवर्षं चिकटून राहण्याची हॉगबाईंची रीत मागे पडली, हे या शाखेचं मोठं नुकसान आहे.

ड्वार्फ नोव्हासाठी मोठ्या दुर्बिणीच लागतात, पण नवताऱ्यासाठी नाही. ज्येष्ठा आणि अनुराधा यांच्या मधोमध असलेला एम ८० आपल्याकडून एप्रिल-मे महिन्यांत छान दिसतो. ज्यांच्याकडे छोटी दुर्बीण आणि कॅमेरा आहे, त्यांनी पाऊस सुरू होईपर्यंत जमेल त्या प्रत्येक रात्री त्याचा फोटो घ्यावा, तारीख-वेळ नोंदवावी आणि एकही फोटो पुसू नये.