वावभर तिकिटं

पैज हा शब्द आमच्या माहेरी कोणी तोंडातून काढत नसे. धाकट्या काकांना मटक्याचा नाद होता. आधी सायकल गेली, मग काकूच्या पाटल्या, शेवटी दुकानाचा गाळा. मी तेव्हा सहावीत होते. नुसत्या काचेच्या बांगड्यांचे काकूचे ते हात मला अजून दिसतात. त्यामुळे भिशीच्या बायका पैसे लावून रमी खेळायला बसल्या की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठते. शिष्ट म्हणतात मला. म्हणोत बापड्या!

तर गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईकडे न्यू जर्सीला गेले होते. तिच्या शेजारणीने आम्हा दोघींना गोल्फच्या सामन्यांना मदतीला बोलावलं. फक्त बायकांचे सामने, आणि जमेल तो पैसा कर्करोगाच्या रुग्णांसाठी. मी म्हटलं, हिरवळीवर काठ्या घेऊन हिंडायचं, त्यात आपण काय मदत करणार? तर ताई म्हणते, "अगं, तिकिटं विकायची, पैजा लावून घ्यायच्या." माझ्या पोटात गोळाच आला.

पण तिथली तऱ्हा निराळी. चौघींचा एक संघ. चौघीही चेंडू मारतात आणि ज्या चेंडूची जागा चांगली, तिथूनच सगळ्या पुढे खेळतात. त्यामुळे नवशिकीचा फटका झाडीत गेला तरी बिघडत नाही. शिवाय पाच डॉलर भरले की फसलेला फटका पुन्हा मारता येतो. मात्र दिवसात दोनदाच. (संसारात अशी सोय असती तर!)

मला सगळ्यांत आवडला तो दोरीचा खेळ. पाच डॉलरला हातभर दोरी. चेंडू भोकाच्या वीतभर अलीकडे थांबला, तर तो उचलून सरळ आत टाकायचा आणि तेवढी वीतभर दोरी कापून टाकायची. दोरी संपली की सवलत संपली. एक आजीबाई तर ती शेवटच्या भोकापर्यंत जपून होत्या, आपण उरलेली लोकर जपतो तशा.

दुसरीकडे तिकिटांचं रीळ. वीस डॉलरला एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून मावतील तेवढी तिकिटं. आपल्याकडे विहिरीचा दोर मोजतात ना, अगदी तसं! मापाला मुद्दाम सर्वांत उंच बाई उभी केलेली, त्यामुळे तिच्यापुढे ही रांग. जमलेल्या रकमेतली निम्मी सोडतीत जिंकणारीला, निम्मी रुग्णांना. बक्षिसांच्या टोपल्याही होत्या. प्रत्येकीपुढे एक कागदी पिशवी, आणि ज्या टोपलीवर आपला डोळा, तिच्याच पिशवीत तिकीट टाकायचं. तिकडे याला ट्रिकी ट्रे म्हणतात.

एका ठिकाणी क्लबातल्या मास्तरांशी पैज होती. त्यांच्यापेक्षा आपला चेंडू निशाणाच्या जवळ पडला तर दुप्पट, नाहीतर पैसे मदतनिधीत. आणि एकाच फटक्यात चेंडू भोकात घातला तर चक्क मोटारगाडी! आयोजकांनी तिचा विमा आधीच उतरवलेला. सर्वसाधारण खेळाडूला असा फटका साडेबारा हजारांत एकदा साधतो, असा तिकडचा हिशेब आहे. कुणाला साधला नाही, हे सांगायला नकोच.

शेजारणीने जेवताना आणखी एक प्रकार सांगितला, त्याचं नाव कॅलकटा. हो, आपल्या कलकत्त्याचंच नाव. त्यात संघांचा लिलाव होतो, आणि जिंकणारा संघ ज्याने बोलीत घेतला त्याला जमलेल्या रकमेचा मोठा वाटा. बोली चढत जाते, माणसं इरेला पेटतात. या बायकांनी तो ठेवलाच नव्हता. मला एकदम काका आठवले. बाकीच्या खेळांत जास्तीत जास्त किती जाणार आणि कुठे जाणार, हे पर्स उघडतानाच ठाऊक असतं. काकांना ते कधीच ठाऊक नव्हतं. सोडतीसाठी तिथे नगरपालिकेचा परवानाही काढावा लागतो.

आपल्याकडेही परवानगीवाचून तिकिटांची सोडत काढणं कायद्यात बसत नाही. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मंडळाच्या बायकांना वावभर तिकिटांचा मोह सोडायला लावला आणि दोरीचा खेळ तेवढा ठेवला. गोल्फ नाही हं! दहा पावलांवर बादली, हातात प्लॅस्टिकचे तीन चेंडू. चेंडू बादलीबाहेर जिथे थांबेल तिथपर्यंत दोरी पुरली तर तो आत धरायचा आणि तेवढी दोरी कापायची. दहा रुपयांत हातभर दोरी, दुसरी मिळणार नाही. बक्षीस गुळाची ढेप, तीही अध्यक्षीणबाईंनी घरून दिलेली.

काकू तेव्हा माझ्याकडेच आली होती. ती खेळेल असं मला वाटलं नव्हतं. बराच वेळ लांब उभी राहून बघत होती. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "पैसे जाणार कुठं?"

"तुकडीतल्या मुलींच्या वह्यांना."

"आणि हरलं तर पुन्हा मागणार?"

"नाही काकू. दहा म्हणजे दहाच."

तिने कनवटीची नोट काढली. एक चेंडू थेट बादलीत, दुसऱ्याला चार बोटं दोरी गेली, तिसरा पार तुळशीपाशी. ढेप दुसरीलाच मिळाली. उरलेल्या दोरीची काकूने गुंडाळी केली आणि पिशवीत टाकली. म्हणाली, "असू दे, परकराला नाडी होईल."